पडद्यामागची खातेवही

श्रावणातली गोष्ट. शाळा सुटली होती, शिपाई वर्गांना कुलपे लावीत होता आणि मी कचेरीत बसून सहामाही परीक्षेचे वेळापत्रक जुळवीत होतो. एवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. वय आता चाळिशीकडे झुकलेले. पण सरांसमोर खुर्चीवर बसायचे की नाही हा संकोच अजून गेलेला नव्हता. हातात कापडी पिशवी होती. तिच्यातून त्याने लाल बांधणीच्या चार जाड वह्या काढून टेबलावर ठेवल्या.

"सर, या वह्या जरा बघा की. अप्पांच्या आहेत. बघून मला एवढंच सांगा, दुकान ठेवू की बंद करून टाकू?"

त्याचे दुकान म्हणजे नाटकाचे सामान भाड्याने देण्याचे. रस्ता, दरबार, जंगल, तुरुंग असे रंगवलेले पडदे, झालरी, विंगा, राजाचे अंगरखे, जिरेटोप, लाकडी तलवारी आणि दाढीमिशांची एक पत्र्याची पेटी. आमच्या भागातल्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. जत्रा आली की गावातल्या पोरांनी नाटक बसवायचे, एका रात्री मराठी, दुसऱ्या रात्री कन्नड, आणि दोन्ही रात्री मागे टांगलेला दरबार मात्र एकच! त्या दरबारात कधी शिवाजी महाराज बसत, कधी कित्तूरची चन्नम्मा. मी शाळकरी असताना हे पडदे रंगवणारा माणूस म्हणजे याचे वडील. दुकानाच्या मागच्या पडवीत जमिनीवर कापड अंथरून, खळ लावून, ते गुडघ्यावर बसून रंगकाम करीत. आम्ही पोरे तासन्‌तास पाहत उभी असायचो.

वह्या ठेवून घेतल्या आणि त्याला म्हटले, "अरे, मी मुख्याध्यापक, मला धंद्यातले काय कळते? पण इतिहासाचा विद्यार्थी आहे. तुझ्याआधी हा धंदा ज्यांनी केला त्यांचे काय झाले, ते सांगू शकेन." त्या आश्वासनातून हा लेख झाला. मराठी नाटकाच्या इतिहासात नाटककार आहेत, नट आहेत, गाणी आहेत. पण नाटक मंडळी हा एक लहानसा धंदा होता, त्याला रोजचे पन्नास ताटांचे जेवण, गाडीभाडे आणि सावकाराचे व्याज होते, ही बाजू आपण सहसा वाचीत नाही. ती वाचली तर आपल्या सीमेवरच्या मुलखाचे नाव त्यात पानोपानी सापडते.

*

सुरुवातच पाहा. १८४२ साली उत्तर कानड्यातल्या कर्की गावची एक भागवत मंडळी सांगलीला आली. त्यांचा खेळ कानडी, यक्षगानाच्या वळणाचा. सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी तो पाहिला आणि आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसेच काही मराठीत करायला सांगितले. भाव्यांनी ते खूप सुधारून केले, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' हा खेळ राजवाड्यात झाला. आजही आपण त्या तारखेला मराठी रंगभूमी दिन पाळतो. म्हणजे मराठी रंगभूमीची पणती कानडी दिव्यावरून लागली. दोन भाषांच्या घरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या गोष्टीचे अवघड वाटू नये, उलट अभिमानच वाटावा.

तोवर हा धंदा नव्हता. खर्च दरबाराचा, कपडेलत्ते दरबाराचे, प्रेक्षक दरबारचे. १८५१ मध्ये अप्पासाहेब वारले आणि आश्रय संपला. नटांचा संच तयार, सामान तयार, पोसणारा मात्र कोणी नाही. अशा वेळी भाव्यांनी मंडळी मोडली असती तर कोणी दोष दिला नसता. पण त्यांनी ती गावोगाव नेली, आणि १८५३ मध्ये मुंबईत, ग्रँट रोडवरच्या नाटकगृहात, तिकीट लावून मराठी खेळ केले. एका राजाऐवजी आता रुपया-आठ आण्यांचे शेकडो राजे झाले. मराठी नाटकाचा खरा धंदा माझ्या मते या दिवशी सुरू झाला. आश्रयदाता गेला तेव्हा भाव्यांनी दुसरा आश्रयदाता शोधण्यातच आयुष्य घालवले असते तर पुढचे काहीच घडले नसते.

मात्र या धंद्याची पहिली अडचणही भाव्यांनाच भेटली. पदरी शिकून तयार झालेली माणसे फुटू लागली आणि गावोगाव नव्या मंडळ्या निघाल्या. इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशी गावांची नावे लावलेल्या कितीतरी. सगळ्यांचा साचा एकच: सूत्रधाराने गाणी म्हणायची, विदूषकाने हसवायचे, राक्षसांनी आरडाओरडा करीत तलवारी परजायच्या. भाव्यांच्या खेळाला आता भाव्यांचीच नक्कल स्पर्धा करू लागली. १८६०च्या सुमारास ते या व्यवसायातून बाजूला झाले. त्यांनी तयार केलेल्या लाकडी बाहुल्या पुढे शंभराहून अधिक वर्षांनी रामदास पाध्ये यांच्या हातून पुन्हा बोलत्या झाल्या, हा त्या हरहुन्नरी माणसाच्या कसबाचा उत्तरार्ध. भावे १९०१ मध्ये वारले.

*

दुसरे पान आपल्याच जिल्ह्यातले. सौंदत्तीजवळचे गुर्लहोसूर हे अण्णासाहेब किर्लोस्करांचे गाव. जन्म १८४३ चा, म्हणजे 'सीतास्वयंवर' झाले त्याच सालचा. अण्णासाहेबांनी बेळगावात शिक्षक म्हणून काम केले. त्या शाळेत त्यांचे एक विद्यार्थी होते गोविंद बल्लाळ देवल. शिक्षकाने काय पेरावे आणि कुठे उगवावे याचा हिशेब कोणत्याही खातेवहीत मांडता येत नाही. मला स्वतःला हा प्रसंग म्हणून फार जवळचा वाटतो.

पुढे अण्णासाहेब सरकारी नोकरीत पुण्याला गेले. तिथे पारशी कंपनीचा 'इंद्रसभा' हा गाण्यांचा थाटमाट त्यांनी पाहिला, आणि संस्कृतातले 'शाकुंतल' मराठीत, गाण्यांसह, प्रत्येक पात्राच्या तोंडी घालून करायचे ठरवले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्याचे चार अंक झाले. लक्षात घ्या, हे गृहस्थ तेव्हा रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. पगार चालू ठेवून त्यांनी हा जुगार खेळला. नोकरी सोडून कलेसाठी सर्वस्वाचा होम करणाऱ्यांच्या कथा आपण मुलांना आवडीने सांगतो; नोकरी धरून ठेवून कला उभी करणाऱ्याची कथा तितकीशी सांगत नाही. ती जास्त उपयोगी आहे.

१८८२ मध्ये 'सौभद्र' आले. त्याच वर्षी बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर हा गोड गळ्याचा तरुण मंडळीत आला. सगळे जमून येत होते, आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब गुर्लहोसूरलाच वारले. वय अवघे बेचाळीस. तिसरे नाटक 'रामराज्यवियोग' अपुरेच राहिले.

ज्याच्या नावाची पाटी तोच गेला की लहान धंद्याचे काय होते, हे आपण बाजारपेठेत रोज पाहतो. मुले भांडतात, माल विकला जातो, पाटी उतरते. किर्लोस्कर मंडळी मात्र त्यानंतर कितीतरी वर्षे चालली, आणि नुसती चालली नाही तर पहिल्या पंक्तीत राहिली. याची कारणे मला तीन दिसतात.

पहिले, मंडळी एकाच्या मालकीची समजून चालवली गेली नाही. भाऊराव, मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर अशा कर्त्या माणसांनी ती आपली म्हणून उचलली. दुसरे, जुन्या पुण्याईवर बसून न राहता मंडळीने नवा लेखक शोधला. देवलमास्तर होतेच, १८९६ मध्ये श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'वीरतनय' आले, १८९९ मध्ये देवलांच्या 'शारदे'चा पहिला प्रयोग मंडळीने इंदूरला केला, १९११ मध्ये खाडिलकरांचे 'मानापमान' आले. साधारण प्रत्येक पिढीच्या प्रेक्षकाला तिचे स्वतःचे असे एक नाटक मंडळीने दिले. आणि तिसरे, नवा गळा शोधला. भाऊराव १९०१ मध्ये गेले तेव्हा आता संपले असे पुष्कळांना वाटले असणार. चार वर्षांनी, १९०५ मध्ये, नारायण राजहंस नावाचा मुलगा मंडळीत आला. तोच बालगंधर्व.

याशिवाय चौथी एक गोष्ट, जी टाळ्यांच्या वेळी कोणाला दिसत नाही. मंडळीत शंकरराव मुजुमदारांसारखा व्यवस्थापक होता. कोणत्या गावी कधी मुक्काम टाकायचा, नाटकगृहाचे भाडे काय, तिकिटाचे दर काय, हँडबिले किती, हे पाहणारा माणूस गाणाऱ्या माणसाहून निराळा होता. १९०९ मध्ये तर या मंडळीने पुण्यात स्वतःचे नाटकगृह उभारले. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने स्वतःचे घर बांधावे तशी ही गोष्ट होती.

*

आता बालगंधर्वांचे पान. इथे मला थोडे सांभाळून लिहायला हवे, कारण आमच्या घरी आजोबा त्यांचे नाव काढताना कानाच्या पाळीला हात लावीत. पण विद्यार्थ्याने प्रश्न धंद्याचा विचारला आहे, तेव्हा उत्तरही धंद्याचेच द्यायला पाहिजे.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. तिघेही आपापल्या जागी थोर: एक गाण्यात, एक अभिनयात, एक संगीतरचनेत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळाला. १९१६ मध्ये 'स्वयंवर', १९१९ मध्ये बडोद्याला 'एकच प्याला'. गडकरी त्या प्रयोगाच्या जेमतेम महिनाभर आधी वारले होते. प्रेक्षक तर असे की नाटकाला जायचे म्हणून आठवडाभर आधी बैलगाड्या जुंपून लोक निघत.

मग कर्ज कसे झाले? तर उत्पन्न कमी म्हणून नव्हे. भरलेल्या नाटकगृहातूनच ते झाले. बालगंधर्वांना रंगभूमीवर खोटे काही चालत नसे. शालू खरा हवा, गालिचा खरा हवा, पडदा मखमलीचा हवा, अत्तराचा दरवळ शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा. मंडळीच्या पंक्तीला कोणीही येऊन बसावे आणि त्याला साजूक तुपाचे जेवण मिळावे. आधी टेंबे, मग बोडस बाहेर पडले. मालकी एकट्याची झाली आणि 'देवा, हे परवडणार नाही' म्हणणारे बरोबरीचे माणूस पंक्तीत उरले नाही. १९२१च्या सुमारास कर्जाचा आकडा लाखाच्या वर गेला होता. तो त्या काळचा लाख!

या ठिकाणी बालगंधर्वांचा मोठेपणाही सांगितला पाहिजे. त्यांनी दिवाळे काढले नाही. ज्यांचे घेतले त्यांचे फेडायचे, हे धरून ते वर्षानुवर्षे तोंडाला रंग लावीत राहिले. पण याचा दुसरा अर्थ असा, की ऐन बहरातली ती वर्षे सावकारासाठी गाण्यात गेली. पुढे बोलपट आले, मंडळी बंद पडली, १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त त्यांनी एकनाथांचे काम केले, आणि ते मन न रमल्याने पुन्हा रंगभूमीकडे वळले.

मी हे पान वाचतो तेव्हा मला त्यांना नावे ठेवावीशी वाटत नाहीत. खऱ्या शालूशिवाय ते गाणे तसे झाले असते का, हे कोण सांगणार? पण एवढे नक्की की किर्लोस्कर मंडळीत मुजुमदार होते, गंधर्व मंडळीत ती खुर्ची बळकट कधी झालीच नाही. ज्या धंद्यात कलावंत हाच खजिनदार असतो, तिथे खजिना कलेच्या बाजूनेच कौल देतो.

*

आता थोडे पूर्वेला, हुबळीला जाऊ. १ जानेवारी १९०८ रोजी केशवराव भोसल्यांनी ललितकलादर्श नाटक मंडळी स्थापन केली ती कोल्हापुरात नव्हे, पुण्यात नव्हे, हुबळीत. केशवरावांचे वय तेव्हा अठराही पुरे नव्हते. कानडी मुलखातल्या गावात मराठी नाटक कंपनी जन्माला यावी याचे आज कोणाला नवल वाटेल. तेव्हा वाटत नव्हते. हुबळी, धारवाड, गदग, बेळगाव हे सगळ्या मंडळ्यांचे हुकमी मुक्काम. गाणे समजायला भाषेची अडचण कोणाला नव्हती.

आणि याचा एक परिणाम असाही झाला, की कानडी माणसाला वाटले, हे आपल्या भाषेत का नाही? गदगच्या सक्करी बाळाचार्यांनी, म्हणजे शांतकवींनी, त्याआधीच एकोणिसाव्या शतकात हा विचार करून कानडी नाटके लिहिली आणि मंडळी उभी केली. कर्कीकरांनी सांगलीला जे दिले होते ते अशा रीतीने गदगला परत पोचले. पुढे आपल्याच जिल्ह्यातल्या एणगी बाळप्पांनी (१९१४–२०१७) कलावैभव नाट्य संघ ही कानडी कंपनी वर्षानुवर्षे चालवली आणि शंभरी ओलांडून ते गेले. किर्लोस्करांचे गुर्लहोसूर आणि बाळप्पांचे एणगी, दोन्ही एकाच सौंदत्तीच्या मुलखातली. सीमेचा वाद आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. पण नाटकाच्या सामानाच्या गाड्यांनी भाषा विचारून रस्ता बदललेला नाही, एवढे या इतिहासातून दिसते.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत केशवराव आणि बालगंधर्व या दोन प्रतिस्पर्ध्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' एकत्र केले. दोन स्पर्धक दुकानदारांनी एक दिवस एकाच गल्ल्यावर बसावे, तसा तो प्रयोग. तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव आजारपणात वारले. वय एकतीस. पुन्हा तोच प्रश्न: ज्याच्या नावाची पाटी तोच गेला.

ललितकलादर्शची धुरा बापूराव पेंढारकरांनी घेतली आणि त्यांनी एक धाडस केले. लोकांना हवा म्हणून जुना पौराणिक मालच विकत बसण्याऐवजी मामा वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' हे समकालीन विषयावरचे नाटक १९२२ मध्ये आणले. त्यासाठी पु. श्री. काळे या चित्रकाराने नेपथ्याला नवे वास्तव रूप दिले. या काळ्यांनी आपल्या आठवणी 'ललितकलेच्या सहवासात' या पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत. पडद्यामागच्या माणसाने आपली बाजू लिहिल्याची उदाहरणे थोडी. म्हणून ते पुस्तक मी माझ्या विद्यार्थ्याला मुद्दाम वाचायला दिले. १९३७ मध्ये बापूराव गेले आणि मंडळी थांबली. पण त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी ती पुन्हा उभी केली, १९५७ मध्ये 'दुरितांचे तिमिर जावो' आणि १९६० मध्ये 'पंडितराज जगन्नाथ' गाजवले. हुबळीत लावलेले रोप दोनदा वाळले आणि दोनदा फुटले.

*

आता बोलपटाचे. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' आला, आणि पुढच्या वर्षी प्रभातचा मराठी 'अयोध्येचा राजा'. त्याआधीच १९२३ पासून मुंबई इलाख्यात करमणुकीवर कर बसलेला होता. आता चार आण्यांत गाणे, नट आणि पळणारे घोडे दिसू लागल्यावर पन्नास माणसांचे बिऱ्हाड रेल्वेने फिरवणे कोणाला परवडणार? गोव्यातल्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी १९१८ मध्ये काढलेली बळवंत संगीत मंडळी मोठ्या नावाची. तिने चित्रपटही करून पाहिला, आणि त्यातून सावरता आले नाही. दीनानाथ १९४२ मध्ये अकाली गेले. नव्या यंत्रामागे धावणे म्हणजे जुन्याचे रक्षण असे नेहमीच होत नाही, हे त्यावरून कळते.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू कोल्हापुरात घडली, आणि ती पडदे रंगवणाऱ्यांची आहे. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतभाऊ नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. लोक त्यांना 'पेंटर' म्हणत, तेच आडनाव होऊन बसले. हलती चित्रे पाहून दोघांनी कॅमेरा तयार करायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये वारले; बाबूरावांनी ते काम तडीला नेले, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' दाखवला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. त्यांपैकी दामले आणि फत्तेलाल हे मूळचे याच रंगकामाच्या शाळेतले, आणि शांताराम तर पोरवयात गंधर्व मंडळीत राहून आलेले. रंगवलेला पडदा ज्यांनी केला, त्यांनीच पुढे पांढऱ्या पडद्यावर चित्रे आणली. हातातली कला तीच, कापड तेवढे बदलले.

मग बळवंत मंडळी बुडाली आणि पेंटर तरले, असे का? माझा तर्क असा की बाबूराव नव्या यंत्राकडे गेले ते आपले जुने कसब घेऊन गेले. कॅमेरा त्यांनी हातांनी समजून घेतला, देखावे हातांनी उभे केले. बळवंत मंडळीचे कसब गाण्याचे आणि समोरच्या प्रेक्षकाचे. ते यंत्रात तसेच्या तसे मावेना. नव्या धंद्यात शिरताना आपल्याजवळचे नेमके काय तिथे चालेल, हे आधी ओळखावे लागते. अर्थात बाबूरावांची कंपनीही पुढे टिकली नाही, हेही सांगितलेच पाहिजे. या धंद्यात कायमचे असे कोणाचेच काही नसते.

*

वह्यांकडे परत येतो. आठ दिवस रात्री जेवणानंतर मी त्या वाचल्या. गावाचे नाव, नाटकाचे नाव, भाषा, सामानाचा तपशील, ठरलेले भाडे, आलेले भाडे, बाकी. अप्पांचे अक्षर वळणदार, पडद्यासारखेच. कन्नड नाटकाचे नाव ते कन्नड लिपीत लिहीत, मराठीचे मराठीत. 'बाकी'च्या रकान्यात पुष्कळ ठिकाणी 'पुढील जत्रेस' असे लिहिलेले. ती पुढील जत्रा कित्येक गावांच्या बाबतीत आलीच नसावी. दिवाळीपासून मेपर्यंत पाने भरलेली, पावसाळ्यात कोरी. त्या कोऱ्या पानांच्या महिन्यांत अप्पा पडदे रंगवीत, म्हणजे खर्च पावसाळ्यात आणि उत्पन्न उन्हाळ्यात. मधले अंतर व्याजाने भरायचे. किर्लोस्करांपासून सगळ्यांचे हेच गणित.

चौथ्या वहीत माझी नजर एका ओळीवर थांबली. आमच्या शाळेचे नाव. दरवर्षी डिसेंबरात, स्नेहसंमेलन, पडदे तीन, झालर एक. सव्वीस वर्षे सलग. मग एका वर्षी ती ओळ नाही, आणि त्यानंतर कधीच नाही. ते वर्ष मी मुख्याध्यापक झालो त्याच्या पुढचे. त्या वर्षी मी फ्लेक्सचा फलक करून घेतला होता. स्वस्त, चकचकीत, वर शाळेचे नाव आणि पाहुण्यांचे फोटो. संमेलन झाल्यावर तो सायकल स्टँडवर पावसासाठी ताडपत्री म्हणून टाकला. अजून तिथेच आहे.

विद्यार्थ्याने हे मला बोलून दाखवले नव्हते. वह्या देताना ती ओळ त्याला ठाऊक नव्हती असे मला वाटत नाही. पण सरांना सांगायचे कसे?

तो वह्या न्यायला आला तेव्हा मी आधी ती ओळ त्याच्यापुढे ठेवली आणि चूक माझी होती असे म्हटले. तो ओशाळला. "तसं कशाला म्हणता सर? सगळ्यांनीच तसं केलं की," एवढेच बोलला. मग आम्ही बसलो. मी त्याला ठेव किंवा बंद कर असे सांगितले नाही. इतिहासातून जे दिसले ते सांगितले. गेलेल्या आश्रयदात्याची वाट पाहू नये. त्यात आमची शाळाही आली. हिशेब ठेवणारे माणूस रंगवणाऱ्या माणसाहून निराळे असावे. त्याची बायको बी.कॉम. आहे, तिच्या हाती वही द्यावी, आणि 'पुढील जत्रेस' हे शब्द तिने लिहू देऊ नयेत. निम्मे भाडे आगाऊ घ्यावे. दुसरे उत्पन्न, मग ते मोबाईल रिचार्जचे का असेना, लाज न वाटता चालू ठेवावे. अण्णासाहेबांनी कचेरी सोडली नव्हती. आणि मुख्य म्हणजे विकण्यासारखा माल कोणता हे ओळखावे. कापड जुने झाले आहे, पण अप्पांनी शिकवलेला हात जुना झालेला नाही.

"पण सर, हात घेऊन कोण काय करणार?" त्याने विचारले. याचे उत्तर मजजवळ पूर्ण नव्हते. जेवढे होते तेवढे दिले. या सहामाहीपासून दर शनिवारी तो आमच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांना पडदा रंगवायला शिकवतो. मानधन शाळा समितीने ठराव करून मंजूर केले आहे, महिन्याच्या महिन्याला देण्याच्या अटीवर. शेजारच्या कन्नड शाळेच्या मुख्याध्यापकांनी माझ्याकडून ऐकून त्याला बुधवारी बोलावले आहे. एवढ्याने दुकान चालेल का? मला माहीत नाही. दोन वर्षांनी तो पुन्हा वह्या घेऊन येईल, तेव्हा पाहू.

मुलांनी पहिला पडदा दरबाराचा घेतला आहे. शाळेच्या व्हरांड्यात कापड अंथरलेले असते आणि मुले गुडघ्यावर बसून खांबांना रंग भरीत असतात. परवा एका मुलीने विचारले, "सर, दरबार कुठल्या राजाचा काढायचा?" माझ्याआधी तोच म्हणाला, "कुठल्याबी राजाचा नको. सिंहासन रिकामं ठेव. बसणारा रात्री येईल."